तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पंख्याच्या विमानापाशी मी का थांबते

आमच्याकडे वास्कोला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमानसंग्रहालय दाखवते. आणि प्रत्येक जण विचारतोच, "अगं, तिकडे सी हॅरियर उभं आहे, आणि तू या जुन्या पंख्याच्या विमानापाशी काय एवढी रेंगाळतेस?" भर उन्हात, मुलं पाण्यासाठी भुणभुण करत असताना नीट सांगता येत नाही. म्हणून आज सांगते.

हे अलिझे. फ्रेंच बनावटीचं. शाळेच्या भूगोलात आपण व्यापारी वारे शिकलो ना, त्यांचंच हे फ्रेंच नाव. आत तीन माणसं बसायची. जवळ जाऊन पाहिलंत तर पंखांना दोन फुगीर कप्पे दिसतील. चाकं त्यांतच आत घ्यायची, आणि पाण्यात सोडायची ध्वनियंत्रंही त्यांतच. पोटातून रडारचा गोल घुमट खाली काढायचा आणि तासन्‌तास समुद्रावर घिरट्या घालायच्या. काम पाणबुडी शोधण्याचं. ते घाईघाईनं होत नाही.

१९७१ च्या युद्धात अलिझे म्हटलं की लोकांना ती ज्यावरून उडायची ती विमानवाहू नौका विक्रांत आठवते, चितगाव आणि कॉक्स बझारवरचे हल्ले आठवतात. ते खरंच आहे. पण मला आठवतो तो आपल्या बाजूचा समुद्र. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीनं आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक एका रात्रीत गेले.

दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, अरबी समुद्रावर गस्तीला निघालेलं एक अलिझे पाकिस्तानी हवाई दलाच्या स्टारफायटरनं पाडलं. कितीही जोर लावला तरी अलिझेचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. समोरचं विमान ध्वनीच्या दुप्पट वेगानं जाणारं. पळून जाणं शक्यच नव्हतं. आत बसलेल्या तिघांना आपलं विमान किती संथ आहे हे पुरेपूर ठाऊक होतं. आदल्याच रात्री काय झालं तेही ठाऊक होतं. तरी ते उडाले, कारण पाणबुडी शोधायला तेच विमान लागतं.

मला सगळ्यात जास्त छळतं ते पुढचं. जमिनीवर विमान पडलं तर निदान काहीतरी हाती लागतं. समुद्र काहीच परत देत नाही. त्या अलिझेतल्या लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय यांचं नाव १९७१ च्या बेपत्ता सैनिकांच्या यादीत गेलं. त्याच यादीत आपले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबेही आहेत. ते हवाई दलाचे, पण वाट पाहणं तेच. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, वर्षानुवर्षं या सरकारी दारातून त्या दारात जात राहिल्या. २००७ मध्ये बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आले. कोणी सापडलं नाही. गेला म्हणायचं की यायचाय म्हणायचं, हेच ज्या घरात ठरत नाही, तिथे वर्षश्राद्ध तरी कसं घालायचं?

ती जुनी विक्रांत आता नाही. मुंबईत दारूखान्याला तिचं लोखंड झालं. अलिझे १९९१ मध्ये निवृत्त झाली. त्या माणसांशी नातं सांगणारी डोळ्यांना दिसेल अशी वस्तू म्हणजे हे इथलं विमान. हे ते विमान नव्हे, त्याचं भावंड. पण मी त्याच्याच पंखाच्या सावलीत उभी राहते.

मागच्या मे महिन्यात बहिणीचा मुलगा आला होता. त्यानं विचारलं, "मावशी, आत कोण कोण होतं?" आपल्याकडे अशा वेळी ‘अमुक अधिकारी आणि त्यांचे सहकारी’ एवढं म्हणून मोकळं व्हायची सवय आहे. मला ती आवडत नाही. समुद्रात पडताना हुद्दा कोणाच्या कामी आला नसेल. म्हणून मी त्याला नावं शेवटाकडून सांगितली. एअरक्रूमन विजयन. लेफ्टनंट सिरोही. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय. त्यानं ती मोठ्यानं म्हणून दाखवली, विजयनपासूनच, आणि मग आम्ही पाणी प्यायला गेलो.