चावी अडली, तेल मारलं

माझी गाडी बावीस वर्षांची. तिच्या इग्निशनची चावी फिरेनाशी झाली तेव्हा मला त्यात बिघाड दिसलाच नाही, म्हातारपणाचा हट्ट वाटला. चावी आत घालायची, केसभर बाहेर ओढायची, स्टिअरिंग डावीकडे दाबून धरायचं आणि मग फिरवायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाला गाडी द्यायची वेळ आली तर आधी पाच मिनिटं शिकवणी घ्यावी लागे.

स्टिअरिंग दाबण्यात तथ्य होतं. चावी काढली की स्टिअरिंग लॉकचा बोल्ट दांड्याच्या खाचेत जाऊन बसतो. चाकं तिरकी असली तर खाचेची कड त्याला रेटून धरते, तो मागे सरकत नाही आणि चावी हलत नाही. स्टिअरिंगवरचा ताण सोडला की सुटते. पण माझी चावी चाकं सरळ असतानाही अडायची. ही गोष्ट मी सोयीस्करपणे बाजूला ठेवली होती.

शेवटी सगळे करतात तेच मीही केलं. गंज सोडवायच्या स्प्रेची नळी चावीच्या भोकात घातली आणि सढळ हाताने दाबला. चावी अशी फिरली की मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. तीन आठवड्यांनी पुन्हा अडली, पुन्हा स्प्रे. दर खेपेला आराम थोडे कमी दिवस टिकायचा. वर्षभरात दोन डबे संपले. चावी बाहेर काढली की दात्यांवर काळा चिकट राप असायचा. तो फडक्याने पुसताना ‘चला, घाण निघतेय’ म्हणून मी खूशही व्हायचो.

मग दुसरंच काहीतरी सुरू झालं. गाडी चालू व्हायची, पण ब्लोअर मुका. वायपरही मुके. मी फ्यूज बदलले, ब्लोअरच्या वायरी हलवून पाहिल्या. काही नाही. एक दिवस हात लागून चावी किंचित मागे आली आणि ब्लोअर भुर्रकन सुरू झाला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करून देणारी मोटर, फिरत असताना बॅटरीची सगळी ताकद त्याला मिळावी म्हणून ब्लोअर, वायपर वगैरेंचा पुरवठा स्विच तेवढ्यापुरता तोडतो. बोटं सोडली की चावी स्प्रिंगने आपोआप ‘स्टार्ट’वरून ‘ऑन’वर यायला हवी. माझी मध्येच रेंगाळत होती. स्टार्टर सुटलेला, पण बाकीचं अजून जोडलेलं नाही, अशी त्रिशंकू अवस्था. एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने स्विच उघडला असता. मी चावी बोटाने मागे ढकलायची सवय लावून घेतली.

एका सकाळी घाईत ते ढकलणं राहिलं. इंजिन लागलं, आणि त्याच्या आवाजात पत्रा कापल्यासारखी एक किंचाळी मिसळली. मला वाटलं पट्टा घसरतोय. प्रत्यक्षात चावी या वेळी ‘स्टार्ट’वरच चिकटली होती आणि स्टार्टरचा पिनियन (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या, दात्यांतून बाहेर न येता इंजिनाबरोबर फरफटत होता. स्टार्टरमध्ये वन-वे क्लच असतो, तो जोर एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे इंजिनाचा वेग सरळ आर्मेचरपर्यंत, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागापर्यंत, जात नाही. पण ती मोटर काही सेकंदांच्या कामासाठीच बनवलेली. करंट चालूच राहिला तर ती तापून जळते. हे लक्षात यायला मला दहा-बारा सेकंद लागले असावेत. चावी जोर लावून मागे ओढली, गाडी बंद केली. बॉनेट उघडल्यावर तापलेल्या वार्निशचा वास आला. चावीवरचा विश्वास उडाला होता, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तारही काढून ठेवली आणि धाकट्या भावाला फोन लावला. तो वायरिंगची कामं करतो. वर्षभर त्याला विचारलं नव्हतं, कारण काय म्हणेल ते ठाऊक होतं.

त्याने स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर खालचे तीन स्क्रू काढून उतरवलं. आपण ‘इग्निशन स्विच’ म्हणतो त्या खरं तर दोन वस्तू आहेत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. चावी जाते ते लॉक, म्हणजे बॅरल. आणि त्याच्या मागे, कॉलमच्या उताराकडे, दोन स्क्रूंनी बसवलेली प्लास्टिकची डबी, तो विजेचा स्विच. बॅरलच्या शेपटीची चपटी पट्टी डबीच्या खाचेत जाते आणि चावीबरोबर तिला फिरवते. त्याने डबी सोडवून खाचेत स्क्रूड्रायव्हर घातला, ‘स्टार्ट’पर्यंत फिरवला आणि सोडला. स्क्रूड्रायव्हर आळसावल्यासारखा अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला.

त्याने डबीवर बोट फिरवून वास घेतला. “दादा, यात काय ओतलंयस तू?”

मी डबा दाखवला.

“आणि किती?”

मी दोन बोटं दाखवली. तो काही बोलला नाही. डबीच्या क्लिपा स्क्रूड्रायव्हरने उचकटून त्याने ती माझ्यापुढे धरली. तांब्याचे संपर्क काळे पडून खरवडलेले, आणि कारखान्यातलं ग्रीस, धूळ, पितळेचा कीस आणि माझा स्प्रे यांचा डांबरासारखा लगदा झालेला. मी वरून ओतलेलं सगळं बॅरलमधून झिरपत खाली स्विचमध्ये उतरलं होतं. लॉकचं दुखणं मीच स्विचला लावलं होतं.

बरं, लॉकला तरी तेल हवं होतं का? बॅरल काढायला चावी ‘अ‍ॅक्सेसरी’वर ठेवावी लागते. मग बाजूच्या बारीक भोकातून खिळा दाबला की बॅरल हातात येतं. (प्रत्येक गाडीत असंच असेल असं नाही. चिपची चावी किंवा स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर तिथे हात घालण्याआधी माहीतगार माणूस बोलवावा. माझ्या गाडीत दोन्ही नाहीत.) बॅरलमध्ये पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीमागे एक इवलीशी स्प्रिंग. बरोबर चावी आत असली की सगळ्या पट्ट्या बॅरलच्या पृष्ठभागाशी सपाट होतात. भावाने रोजची चावी आत ठेवूनच बॅरल उजेडात धरलं आणि माझं बोट त्यावरून फिरवलं. तीन पट्ट्या नखाला लागत होत्या. केसभर वर. त्या बाहेरच्या नळीला घासत होत्या, म्हणून चावी अडत होती.

म्हणजे दोष चावीत होता. बावीस वर्षांत तिच्या दात्यांची टोकं झिजून गोल झालेली. डुप्लिकेटही मी तिच्याचवरून करून घेतली होती, म्हणजे झीजसुद्धा हुबेहूब उतरलेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तोही वर्षभर!

सुदैवाने गाडीच्या कागदांच्या पाकिटात चावीचा नंबर कोरलेली पत्र्याची चकती सापडली. जुनी चावी बघून नाही, तर त्या नंबरावरून नवी कापून घेतली. बॅरल क्लीनरने धुतलं, पूर्ण वाळू दिलं, ग्राफाइटची चिमूटभर कोरडी पूड फुंकली आणि नवी चावी घातली. पट्ट्या सपाट. नख कुठेच अडलं नाही.

स्विच नवाच आणला. जुना साफ करून चालला असता, पण खरवडलेल्या संपर्कांवर पुन्हा भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती. बसवताना एक घोळ घातलाच. पट्टी आणि खाच एका रेषेत न आणता डबी दाबली, स्क्रू आवळले, आणि चावी ‘ऑफ’वर असताना डॅशबोर्डचे दिवे पेटले. पुन्हा खोलून बसवावा लागला. स्टार्टर मात्र वाचला. भावाने दोन-तीनदा मारून आवाज ऐकला आणि मान डोलावली.

मग त्याची नजर माझ्या जुडग्यावर गेली. घर, कपाट, गेट, सायकल आणि एक पितळी कासव. गाडी हादरते तेव्हा हे सगळं वजन चावीला लटकून बॅरलमध्ये हिसके देत असतं. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने इग्निशन स्विचपायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या, तिथे दुखणं माझ्या उलट होतं. स्विच इतका हलका की जड जुडग्याने किंवा गुडघा लागून चावी चालत्या गाडीत ‘ऑन’वरून घसरायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडत नसे. कंपनीच्या भरपाई योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. हे त्यानेच सांगितलं, कासव सोडवता सोडवता.

आता गाडीची चावी एकटीच असते. निघताना तो स्प्रेचा उरलेला डबा काखेत मारून घेऊन गेला. त्याच्या गेटच्या बिजागऱ्या कुरकुरतात म्हणे.