पहाटे साडेतीनची विजापूर गाडी

आमच्या विजापूर सहलीच्या पहिल्या पत्रकावर नऊ ठिकाणं होती. गोल घुमट, म्युझियम, जामा मशीद, आसार महाल, गगन महाल, बारा कमान, उपळी बुरूज, मुलूख मैदान तोफ आणि इब्राहिम रोझा. सोलापुरातून सकाळी आठला निघून रात्री नऊला घरी. नऊ नावं बघून लोकांना पैसे वसूल वाटायचे आणि आम्हालाही आपण काही थोर देतोय असं वाटायचं. दुसऱ्याच ट्रिपला एक निवृत्त हेडमास्तर उतरताना म्हणाले, "अहो, तुम्ही विजापूर दाखवलं नाहीत, मोजून घेतलंत." मला राग आला होता. बरोबर होतं त्यांचं.

त्याआधी सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान होतं. गाडी भाड्याची, गिऱ्हाईक ओळखीचं, भांडवल म्हणजे धाकट्या भावाची बडबड. पहिला दणका कागदांनी दिला. टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक, आणि तिथला टॅक्स भरलाय असं गाडीमालकानं छातीठोक सांगितलं होतं. झळकीला चेकपोस्टवर कळलं की भरलेलाच नाही. चौदा माणसं, त्यात दोन आज्या, दोन तास रस्त्याच्या कडेला. जेवणासाठी घेतलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथेच संपली. तेव्हापासून परमिटची फाईल मी रात्री उशाशी घेऊन झोपतो. बायको हसते, हसू दे.

पण धंदा खरा बदलला तो गोल घुमटात.

आम्ही पोचायचो अकराच्या सुमारास. डिसेंबर-जानेवारीत तेव्हा शाळांच्या सहली आत असतात. वर घुमटाच्या आतून गोल फिरणाऱ्या सज्जात दोनशे पोरं एकाच वेळी शिट्ट्या मारतायत, एकेका आवाजाचे सात-सात प्रतिध्वनी उठतायत, आणि आमची माणसं कानावर हात ठेवून जिना उतरतायत. चारही कोपऱ्यांना सात मजली मनोरे, त्यातला तो अरुंद जिना गुडघे मोडून चढायचा आणि वर मिळायचं काय, तर कोलाहल. आमचे गाईड चाचा, तिथलेच, एकदा वैतागून म्हणाले, "इत्ते लोगां में घुमट क्या बोलेगा? सुबू आओ."

घुमट सकाळी सहाला उघडतो. म्हणजे सोलापुरात सैफुलचा शेवटचा पिकअप साडेतीनला. पत्रक बदललं आणि बुकिंग धाडकन पडलं. "साडेतीन? काय दूध घालायला जायचंय का?" असे फोन. पहिल्या पहाटेच्या गाडीत पाच सीट होत्या. डिझेल सुटलं, एवढंच.

त्या पाचांत एक जोडपं होतं, दोघंही साठीच्या पुढचे. नवऱ्याला कमी ऐकू येतं, वाटेत दोनदा त्यावरून कुरबूर झालेली. चाचांनी त्यांना सज्जात अगदी समोरासमोर बसवलं, मध्ये जवळजवळ अडतीस मीटरची पोकळी. चाचांनी तिकिटाचा तुकडा फाडला, टर्रर, तो आवाज पलीकडे स्पष्ट. मग काकू भिंतीशी तोंड नेऊन हळूच बोलल्या, "बीपीची गोळी घेतली का?" पलीकडून भिंतीतूनच उत्तर आलं, "घेतली गं." काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की घरी हा माणूस ऐकत नाही तो मुद्दामच!

त्या दिवशी पहिल्यांदा मीसुद्धा खाली उभं राहून नीट वर बघितलं. बाहेरून चव्वेचाळीस मीटर व्यासाचा घुमट आणि आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनाचा गोल करत जातात आणि सगळा भार तीन मीटर जाडीच्या भिंतींवर उतरवतात. ही ज्याची कबर, तो मोहम्मद आदिलशहा 1656 मध्ये गेला. चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खऱ्या खाली तळघरात. त्याच्या शेजारी बेगमा आहेत आणि रंभा नावाची नर्तकीही आहे. हे सांगितलं की गाडीतल्या बायका हमखास थांबतात.

मग आम्ही नऊची चार केली. घुमटानंतर मुलूख मैदान. भाषणातली मुलूखमैदान तोफ सगळ्यांना माहीत, खरी पाहिलेली फार थोड्यांनी. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, पंचावन्न टनांची, तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह. इंग्रजांनी 1854 मध्ये ती लिलावात काढली तर बोली आली दीडशे रुपये. नशीब, सौदा रद्द झाला. बारा कमानीला आम्ही वीस मिनिटंच देतो. दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, उघड्या आभाळाखाली काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी. शेवटी इब्राहिम रोझा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर, तिथे घाई नाही. दगडात अक्षरं कोरून केलेल्या जाळ्यांतून दुपारचं ऊन आत येतं, ते बघत लोक आपणहून गप्प बसतात. माझं वैयक्तिक मत, घुमटापेक्षा रोझा सुंदर. भावाला हे अजून पटत नाही.

विजापुरातल्याच साठ कबर या जागेचा आग्रह प्रतापगड बघून आलेले लोक धरतात. अफझलखानानं निघण्याआधी बायकांना मारलं, ही तिथे सांगितली जाणारी कथा. आम्ही ती कथा म्हणूनच सांगतो. ओळीनं एकसारख्या कबरी मात्र डोळ्यांसमोर असतात, आणि त्यानं स्वतःसाठी बांधून ठेवलेली जागा रिकामी, कारण तो पुरला गेला प्रतापगडाच्या पायथ्याशी. पूर्ण गाडीचं बुकिंग असेल तरच तिकडे नेतो.

कोरोनात गाडी दारात उभी राहिली, हप्ते झेरॉक्सनं भरले. भाऊ पुण्याला नोकरीला गेला होता, परत आला. आता टेम्पो ट्रॅव्हलर स्वतःची आहे. चाचा थकलेत, जिना चढत नाहीत; खाली बाकावर बसून वरच्या माणसांना कुठे बसायचं ते हातानं दाखवतात.

आम्ही शनिवार-रविवारच धरतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंग करतानाच सांगा, चाचांच्या शेजारी जागा असते. आणि साडेतीन म्हणजे साडेतीन.