कमी पडलेले दोन घनमीटर

काँक्रीटच्या पाचव्या गाडीचा ड्रम उलटा फिरला, पंपाच्या हॉपरमध्ये शेवटचा गोळा पडला आणि पंपवाल्याने हात वर केला, ‘संपलं.’ पावणेसहा वाजले होते. स्लॅबमध्ये पूर्वेकडची १२ बाय १२ फुटांची खोली उघडीच होती. बीम भरलेले, पण मधली सळईची जाळी, तिच्याखालचे कव्हर ब्लॉक, इलेक्ट्रिशियनचे पाइप सगळं डोळ्यांसमोर.

साताऱ्याजवळचा बंगला, मालक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही. हिशेबाला पक्के. आठवडाभर आधी वही उघडून बसले होते. ‘१,५०० फूट गुणिले ५ इंच, म्हणजे ६२५ घनफूट. सव्वासहा ब्रास. तुम्ही साडेनऊ का मागवताय?’

हा प्रश्न दर दुसरा मालक विचारतो, फक्त वही घेऊन नाही. स्लॅब म्हणजे वर दिसणारी फरशी, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. खाली लोंबणारे बीम कोणी धरत नाही. मी त्यांच्याच वहीत मांडून दाखवलं. स्लॅब १२५ मिलिमीटर, म्हणजे १७.४ घनमीटर. बीम २३० बाय ४५०. त्यातली वरची १२५ स्लॅबमध्ये आधीच धरलेली, म्हणून खालची ३२५ फक्त. एकूण लांबी ९० मीटर, म्हणजे ६.७. जिन्याला १.३, छज्जे-बिज्जे ०.६. बेरीज २६. वर तीन टक्के सांडलवंड धरून २७. ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, त्याने भागा. गुरुजींनी भागलं, मान डोलावली आणि मला पेचात पकडायला विचारलं, ‘सळईची जागा वजा केली का?’

मनापासून आवडला मला हा प्रश्न. आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईची जागा वजा करत नाहीत. केलीच तर दोन-सव्वादोन टन लोखंडाची जागा तीनशे लिटरही भरत नाही. उत्तर देताना माझी छाती जरा फुगली होती, हे आता लिहायला हरकत नाही.

स्लॅबच्या दिवशी सकाळी नारळ फुटला. आरएमसीच्या, म्हणजे प्लँटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या, सहा-सहा घनमीटरच्या चार गाड्या आणि शेवटची तीनची, असं ठरलं होतं. तिसरी रिकामी झाली तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. १८ घनमीटर गेलं होतं, म्हणजे दोन तृतीयांश स्लॅब झाकायला हवा होता. झाकला होता अर्ध्याहून थोडा जास्त. गुरुजी शेजारी उभे. मुकादम हळूच म्हणाला, ‘साहेब, गाडीत माल कमी येतोय.’ आमच्या धंद्यात हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं, की ते खरं धरूनच माणूस चालतो. मीही धरलं.

चौथी गाडी हायवेवरच्या वजनकाट्याकडे वळवली. ड्रायव्हर म्हणाला, ‘काटा करा की. पण पावती तुम्ही फाडायची.’ भरलेली गाडी तोलली, साइटवर रिकामी केली, परत काट्यावर नेली. फरक १४,३६० किलो. ओलं काँक्रीट घनमीटरला साधारण २,४०० किलो धरलं तर सहाला १४,४०० व्हायला हवेत. चाळीस किलोचा फरक म्हणजे एखादं घमेलं, दीड घमेलं. गाडी पूर्ण होती. ड्रायव्हरने पावती घडी घालून खिशात ठेवली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. या भानगडीत पाऊण तास गेला आणि आधी ओतलेल्या भागाची कड आवळायला, म्हणजे घट्ट व्हायला लागली.

मग जे सकाळीच करायला हवं होतं ते केलं. १० मिलिमीटरची सळई घेतली, खडूने खूण केली आणि ओल्या स्लॅबमध्ये खुपसत फिरलो. भिंतीकडे १२५. हॉलच्या मध्यावर १४५. जिन्याजवळ १४०. वरून दोरी सरळ, पाणसळ बरोबर, स्लॅब आरशासारखा. खाली पोट सुटलेलं.

प्लिंथमधला, म्हणजे जोत्यातला मुरूम नुकता भरलेला, पाणी मारून नीट दाबलेला नव्हता. स्लॅबखालचा साचा उभारणाऱ्या सेंट्रिंगवाल्याने टेकूंच्या बुडाखाली फळ्या टाकल्या नव्हत्या, विटांचे तुकडे सरकवले होते. वजन आलं तसे मधले टेकू बसले. सरासरी १५ मिलिमीटर जाडी वाढली तरी १३९ चौरस मीटरवर दोन घनमीटर गिळले जातात. वर पंपाची चाळीस मीटर पाइपलाइन, १२५ व्यासाची: तिच्या पोटात अर्धा घनमीटर राहतो. तो मी धरलाच नव्हता. तीन टक्क्यांत बसेल म्हणून सोडून दिला होता.

प्लँटवाल्याला फोन केला. तीनच्या खाली गाडी सोडत नाही म्हणाला. ५,४०० दराने १६,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १९,११६ रुपये. साइटवर मिक्सर लावून माल करायचा विचार आला होता, पण प्लँटच्या एम२५ प्रतीच्या काँक्रीटशेजारी घमेल्याने मोजलेला माल टाकायला मन धजेना. गाडी येईपर्यंत कडेवर ओली पोती टाकली, सांध्यावर व्हायब्रेटर धरून दोन पोरं उभी केली. सात वाजून दहा मिनिटांनी हॅलोजनच्या उजेडात खोली भरली. उरलेला घनमीटरभर माल मागच्या अंगणात पसरला.

सेंट्रिंगवाल्याला मी शिव्या घातल्या, ते बरोबरच होतं. पण आदल्या संध्याकाळी पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधीच्या तपासणीच्या कागदावर, सही माझी आहे. लेव्हल मी चारही कडांना घेतली. मध्ये इलेक्ट्रिशियनचे पाइप पसरले होते, सहा वाजून गेले होते, म्हणून आत गेलो नाही. खाली उतरून टेकूंचे पायही बघितले नाहीत.

परवा गुरुजींकडे बिलाला गेलो होतो. त्यांनी वही पुढे केली. तारखेसमोर सुवाच्य अक्षरात: ‘आरएमसीवाल्यांनी मापात मारलं. जादा खर्च १९,११६.’ गल्लीतल्या दोघांना सांगूनही झालंय. काट्यावर आम्ही दोघंच गेलो होतो, ड्रायव्हर आणि मी. पावती त्याच्याकडे आहे.

‘पुढच्या स्लॅबला दुसरा प्लँट बघू या ना?’ गुरुजींनी विचारलं.

‘बघू,’ म्हणालो. चहा घेतला आणि निघालो.