मुरगळलेला घोटा आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या दोन भेटी

जिना संपला असे समजून मी पाय टाकला, पण एक पायरी अजून शिल्लक होती. चवडा खाली झुकलेल्या अवस्थेतच उजवे पाऊल आत वळले, शरीराचा सगळा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर आला आणि आतून काहीतरी तुटल्यासारखा बारीक आवाज झाला. कठड्याला धरून मी उठले आणि लंगडत पाच-सहा पावले चालून खुर्चीपर्यंत पोहोचले. अर्ध्या तासात बाहेरच्या घोट्याभोवती इतकी सूज आली की घोट्याचे हाड दिसेनासे झाले. रात्री पाय उशांवर उंच ठेवून, कापडात गुंडाळलेला बर्फ थोड्या थोड्या वेळाने लावला आणि सकाळी अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात गेले.

तपासणीचा अर्थ एक्स-रे एवढाच माझ्या डोक्यात होता, त्यामुळे डॉक्टरांनी आधी बराच वेळ प्रश्नच विचारले याचे मला आश्चर्य वाटले. पाऊल आत वळले की बाहेर, आवाज आला का, सूज लगेच आली की काही तासांनी, आणि पडल्यानंतर त्या पायावर भार टाकून चालता आले का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतले. हाच घोटा पूर्वी कधी मुरगळला होता का, असेही त्यांनी विचारले. पूर्वी दोनदा मुरगळला होता. दोन्ही वेळा मी क्रेप बँडेज बांधले, आठवड्याभरात दुखणे थांबले आणि मी ते विसरूनही गेले होते. ही गोष्ट त्यांनी कागदावर लिहून तिच्याखाली रेघ ओढली.

नंतर त्यांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला सांगितले आणि सुरुवात चांगल्या पायापासून केली. दुखऱ्या पायाकडे वळल्यावरही त्यांची बोटे प्रथम गुडघ्याखाली गेली, कारण घोट्याला पीळ बसताना कधी कधी पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड वर गुडघ्याजवळ मोडते. तिथून खाली येत त्यांनी बाहेरच्या घोट्याची मागची कड, त्याचे टोक, आतला घोटा, पावलाच्या मध्यावरचे आतल्या बाजूचे हाड आणि करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला येणारा उंचवटा, अशा एकेका जागी दाब देऊन पाहिले. प्रत्येक वेळी ते माझ्या पायाकडे कमी आणि चेहऱ्याकडे जास्त पाहत होते.

या जागा ठरलेल्या आहेत, हे त्यांनी मी विचारल्यावर समजावून सांगितले. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली घोट्याच्या दुखापतीसाठी काही नियम मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या हाडांची मागची कड किंवा टोक दाबल्यावर दुखत असेल, अथवा दुखापत झाल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही त्या पायावर चार पावले टाकता येत नसतील, तर घोट्याचा एक्स-रे काढावा. यातले काहीच नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फार कमी असते. मला चार पावले टाकता आली, परंतु बाहेरच्या घोट्याच्या टोकावर दाब पडताच कळ आली, म्हणून एक्स-रे काढावा लागला. हाड शाबूत निघाले.

त्या क्षणी वाटलेला दिलासा पुढच्या वाक्याने थोडा ओसरला. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, दिसत नाहीत. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला असे तीन मुख्य अस्थिबंध असतात. त्यांपैकी सर्वांत पुढचा सर्वांत नाजूक असतो आणि चवडा खाली झुकलेला असताना पाऊल आत वळले की पहिला ताण त्याच्यावरच येतो. पायरी चुकताना माझे पाऊल नेमके तसेच होते. तो किती फाटला आहे हे आजच सांगता येणार नाही, कारण सूज आणि वेदनेमुळे स्नायू आखडलेले असतात. म्हणून पाचव्या दिवशी पुन्हा या, असे त्यांनी सांगितले. एमआरआय करावा का, असे मी विचारले. सध्या त्याने उपचारात फरक पडणार नाही. काही आठवड्यांनीही दुखणे टिकले किंवा घोटा डळमळीत वाटला तर विचार करू, हे त्यांचे उत्तर मला पटले.

प्लास्टर घातले नाही. पाऊल आत-बाहेर वळू न देणारा, पण वर-खाली हलू देणारा पट्ट्यांचा आधार दिला. वेदनाशामक लिहिण्यापूर्वी पित्ताचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा काही इतिहास आहे का, हे विचारले. बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, पहिले काही दिवस शेक आणि मालिश अजिबात नको, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. ही शेवटची सूचना मिळाली नसती तर मी काठी नक्कीच उजव्या हातात धरली असती. सहन होईल तितका भार टाकत चाला, असेही ते म्हणाले, आणि याचीच मला जास्त भीती वाटत होती, कारण पूर्ण विश्रांती हाच उपचार असे मी धरून चालले होते.

पाचव्या दिवसापर्यंत काळानिळा डाग टाचेच्या कडेने बोटांपर्यंत उतरला होता आणि तो पाहून दुखापत वाढली असे वाटून मी घाबरले होते. साकळलेले रक्त उभे राहिल्यावर खाली उतरते, एवढाच त्याचा अर्थ होता. या भेटीत डॉक्टरांनी एका हाताने नडगी स्थिर धरली, दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढून सांधा किती सरकतो ते पाहिले आणि डाव्या पायाशी तुलना केली. अस्थिबंध अर्धवट फाटला आहे, पूर्ण तुटलेला नाही, हे निदान तेव्हा झाले. माझ्या मते पहिल्या भेटीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, ही दुसरी भेट आवश्यक होती. दुखणे कमी झाले म्हणून मी ती टाळण्याच्या बेतात होते.

पुढचे काम फिजिओथेरपिस्टकडे होते. प्रथम पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे काढणे, मग रबरी पट्ट्याच्या ताणाविरुद्ध पाऊल बाहेर वळवणे, मग टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे. तिसऱ्या आठवड्यात दुखणे जवळजवळ थांबले आणि आता व्यायाम सोडले तर चालतील का, असे मी विचारले. उत्तर देण्याऐवजी त्यांनी मला डोळे मिटून एका पायावर उभे राहायला सांगितले. डाव्या पायावर मी अर्धा मिनिट स्थिर उभी राहिले. उजव्या पायावर चार सेकंदांत भिंत धरावी लागली. पाऊल कोणत्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणारे मज्जातंतूही अस्थिबंधात असतात, आणि दुखापतीनंतर ती खबर उशिरा पोहोचते. तोल सावरण्याचा सराव न करता सोडलेला घोटा म्हणूनच पुन्हा मुरगळतो, असे त्यांनी सांगितले. आधीच्या दोन दुखापतींविषयीच्या नोंदीखाली डॉक्टरांनी रेघ का ओढली होती, ते मला तेव्हा समजले.

त्यानंतर रोज सकाळी आणि रात्री मी उजव्या पायावर उभी राहत गेले, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग दुमडलेल्या चादरीवर. आठव्या आठवड्यात डोळे मिटून पंचवीस सेकंद झाले. डाव्याची बरोबरी अजून झालेली नाही, म्हणून सराव चालू आहे आणि जिना उतरताना कठड्यावरचा हात मी अजून काढलेला नाही.