धुतलेलं इंजिन आणि तीन नंबरच्या प्लगमधलं पाणी

सकाळी गॅरेज उघडतोय तोच काकांचा फोन, "अरे गाडी थरथरतेय रे, पिकअप गेलाय आणि ते इंजिनचं पिवळं लाईट उघडझाप करतंय." मी म्हटलं काका आहात तिथेच बाजूला घेऊन बंद करा, चालवत आणू नका, आपण टो करून आणू. ते लाईट नुसतं लागलं असेल तर माणूस सावकाश गॅरेजपर्यंत येऊ शकतो, पण उघडझाप म्हणजे गाडी जोरात मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाहीये, आणि सिलेंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरच्या लाईनीतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, तो इतका तापतो की आतली जाळी वितळून बसते. मग साध्या मिसिंगचं काम कुठल्या कुठे जातं.

गाडी आली, बोनेट उचललं आणि कळलंच. आत सगळं चकाचक, पाईप काळेभोर, टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, नव्यासारखं. "काका, इंजिन धुतलंत?" तर म्हणे हो, लांबच्या प्रवासाला जायचंय म्हणून पहाटे उठून प्रेशर वॉशरने धुतलं, साबण लावून, दोन तास. माणसाचा गाडीवर जीव आहे हो, ऑइल कधी चुकवत नाहीत, त्यामुळे मला वाईटच वाटलं, इतक्या मायेने केलेलं काम असं अंगाशी यावं.

स्कॅनर लावला, कोड आला पी 0303, म्हणजे तीन नंबरच्या सिलेंडरला मिसफायर. या इंजिनात प्लग डोक्यावरून खोल विहिरीत बसतो आणि वर त्याला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलचं रबर झाकणासारखं दाबून बसतं. पावसाचे उडालेले शिंतोडे ते रबर सहज अडवतं, पण प्रेशरची धार जवळून मारली की पाणी रबराच्या कडेने आत घुसतं आणि मग तिथून बाहेर पडायला त्याला वाटच नसते. स्पार्कला प्लगच्या गॅपमधून उडी मारण्यापेक्षा ओल्या रबरावरून भिंतीला जाणं सोपं पडतं, झालं, सिलेंडर मेला.

इथे एक गोष्ट घरी करणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवा, पाणी दिसलं म्हणून लगेच प्लग खोलायचा नाही, खोलला की विहिरीतलं सगळं पाणी घाणीसकट सरळ सिलेंडरमध्ये. मी आधी सिरिंजला बारीक नळी लावून पाणी ओढून घेतलं, मग डोळ्यांवर गॉगल लावून कॉम्प्रेसरची हवा मारली, आणि मगच प्लग काढून पुसला. कॉइलचं रबर उजेडात फिरवून बघितलं, स्पार्क बाहेरून पळाला असेल तर त्यावर कार्बनची बारीक रेघ उमटते आणि मग ते रबर वाळवून उपयोग नसतो, बदलावंच लागतं. इथे रेघ नव्हती. सगळं जोडून स्टार्ट मारला, गाडी एकदम शांत.

काका खुश, निघायला तयार. पण माझं लक्ष त्या सिरिंजकडे होतं, कारण काढलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग होता. म्हणजे टॅपेट कव्हरच्या खालचं विहिरीचं सील ऑइल सोडत होतं, आणि हे आजचं नाही, बऱ्याच दिवसांचं. मी विचारलं, धुण्याआधी कुठे तेल दिसत होतं का? "हो ना, मागच्या कोपऱ्यात चांगला काळा चिकट थर होता, तेच तर घासून काढलं सगळ्यात आधी." आता बोला. आम्ही मेकॅनिक लोक त्या चिकट थरावरूनच लीक शोधतो, ऑइल वरून खाली ओघळतं म्हणून थराचा सगळ्यात वरचा ओला भाग बघायचा, आणि तोच धुऊन गेलेला. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, पाण्याला हात लावायच्या आधी मोबाईलवर चार फोटो काढा.

लीकसाठी गाडी थोडे दिवस चालवून परत आणा म्हटलं, आणि तिथेच उभं करून त्यांना मी स्वतःची गाडी कशी साफ करतो ते दाखवलं. इंजिन हात ठेवता येईल इतकं गार हवं, तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो आणि गरम पत्र्यावर क्लीनरही लगेच सुकून डाग धरतो. बॅटरीची काळी वायर आधी काढायची. सुकी पानं आणि धूळ हाताने, ब्रशने काढायची, विशेषतः काचेखालच्या जाळीतली, तिथलं पाणी जायचं भोक बुजलं की पाणी केबिनमध्ये येतं. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड, कॉइल, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांवर प्लास्टिक पिशव्या रबरबँडने बांधायच्या, अल्टरनेटर तर मुळातच हवेसाठी उघडा असतो. क्लीनर पाण्यात विरघळणारा घ्यायचा, पेट्रोल किंवा रॉकेल अजिबात नको, ते कोपऱ्यात राहतं आणि एका ठिणगीने पेट घेतं. क्लीनर थेट न फवारता ब्रशवर घ्यायचा, आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसायचं, पाईप नकोच. नव्वद टक्के घाण फडक्यानेच निघते असा माझा अनुभव आहे. मग पिशव्या मोजून काढायच्या (एखादी बेल्टजवळ राहिली तर वेगळाच घोळ), पूर्ण सुकू द्यायचं, वायर लावायची आणि बोनेट उघडं ठेवून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचं. चमक आणणारा स्प्रे बेल्टवर पडू द्यायचा नाही, बेल्ट घसरतो. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत जाड नारिंगी केबल दिसल्या तर त्यांना हातसुद्धा लावू नका, कंपनीचं मॅन्युअल बघा.

आठवड्याने काका आले. मागच्या कोपऱ्यात टॅपेट कव्हरच्या पॅकिंगच्या (सांध्यातल्या रबराच्या) रेषेवर बोटभर ओलं दिसत होतं. टॅपेट कव्हर उतरवलं, पॅकिंग लाकडासारखं कडक झालेलं, विहिरींच्या सीलचीही तीच गत. पूर्ण सेट बदलला, तीन नंबरचं रबर तेलाने फुगायला लागलं होतं तेही बदललं. मी कव्हर बसवेपर्यंत काका शेजारी उभं राहून ब्रश आणि फडक्याने एअर फिल्टरचा डबा पुसत होते, आणि त्याआधी त्यांनी फोटो काढून घेतले होते.