बिस्किटांच्या डब्यातले नाच

गाडीत बसल्या बसल्या लेकीच्या शेजारणीने बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "नीट धर. हा सांडला तर आजची रात्र गेली." असल्या डब्यात आपल्याकडे हमखास सुई-दोरा आणि तुटकी बटणं निघतात. हिच्या डब्यात नाच होते. पोस्टकार्डाहून जरा लहान अशी दोन-अडीचशे कार्डं, एका कार्डावर एक नाच.

बाई सत्तरी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅक्टन गावात लेकीकडे माझा सहा महिन्यांचा मुक्काम. दुपारी खिडकी उघडी टाकून पेटीवर बोटं फिरवत बसायचे, ते ऐकून ही एकदा दार वाजवून आत आली आणि तशीच ओळख वाढली. इंग्रजीत सगळ्यांना सरसकट 'यू', त्यामुळे मनातल्या मनात मी तिला कधी 'अगं'वर आणलं ते मलाही कळलं नाही. ती कॉन्ट्रा नाचाची 'कॉलर' आहे, म्हणजे नाच सांगणारी. कॉन्ट्रा हा तिकडचा लोकनाच: समोरासमोर लांब रांगा, दोन-दोन जोड्यांनी मिळून नाचायचं आणि दर फेरीला पुढच्या जोडीकडे सरकायचं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिला ग्रीनफिल्डला नाच सांगायचा होता. "येतेस का?" म्हणाली. मी कोथरूडच्या महिला भजनी मंडळातली पेटीवाली. असल्या बोलावण्याला नाही म्हणायची आम्हाला सवयच नसते.

रस्ता नंबर दोन सरळ पश्चिमेला जातो. पानगळीचे दिवस होते. त्या रंगांवर सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी एवढंच म्हणते, हळदीकुंकवाच्या करंड्यातून गाडी चालली होती. वाटेत गार्डनर लागतं. हे एकेकाळचं खुर्च्यांचं गाव, आणि त्याची खूण म्हणून तिथे एक अवाढव्य लाकडी खुर्ची उभी करून ठेवलीय. पुढे फ्रेंच किंग पूल, १९३२ सालचा, आणि खाली खोल दरीत कनेक्टिकट नदी. आम्ही उतरून पाहिली, पण हिचं अर्धं लक्ष डब्याकडे.

त्याआधी कॉफीला थांबलो तेव्हा तिने टेबलावर कार्डं मांडली, पेशन्सचा डाव मांडतात तशी. पाच ओळीत, खाली पाच, बाजूला दोन जादा. मध्यंतराआधी एक वॉल्ट्झ आणि शेवटी एक वॉल्ट्झ, त्यांना कार्ड लागत नाही. एक कार्ड मी उचलून पाहिलं. वर नाव, खाली चार ओळी: ए१, ए२, बी१, बी२. हा हिशोब मला पेटीवाली म्हणून लगेच पटला. धून दोन भागांची असते, आठ-आठ बारची, बार म्हणजे दोन पावलांचा तुकडा. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, एकूण बत्तीस बार, म्हणजे चौसष्ट पावलं. नाचही नेमका चौसष्ट पावलांचा. ए१ म्हणजे शेजाऱ्याबरोबर, म्हणजे समोरच्या जोडीतल्याबरोबर, बॅलन्स (हात धरून पुढे-मागे झोका) आणि स्विंग (धरून गरगर फिरणं), चार आणि बारा, सोळा झाली. ए२ म्हणजे हात धरून डावीकडे पाऊण फेरी, आठ, मग जोडीदाराभोवती डो-सी-डो, म्हणजे पाठीला पाठ करून एक फेरी, आठ. बी१ जोडीदाराबरोबर बॅलन्स-स्विंग. बी२ चेन, म्हणजे दोन जोड्यांतल्या दोघींनी हात देत जागा बदलायच्या, आणि डाव्या हाताचा स्टार, म्हणजे चौघांनी डावे हात मधोमध जुळवून फिरायचं, त्यातच पुढच्या जोडीसमोर येऊन उभं राहायचं. संपलं, की तेच पुन्हा. एका फेरीला जेमतेम अर्धा मिनिट लागतं, आणि एक नाच असा पंधरा-सोळा वेळा चालतो.

हा नाच 'द बेबी रोझ', डेव्हिड केनॉरचा. माणूस ग्रीनफिल्डशेजारच्या माँटॅग्यूचा, फिडल वाजवायचा आणि नाचही सांगायचा. २०२१ साली गेला. "आजचा पहिला नाच हाच," ती म्हणाली. "चुकायला यात जागाच कमी. आणि त्याच्या गावाला त्याचं आवडतं."

मग तिने क्रम लावायला घेतला आणि मी आमच्या मंडळाच्या यादीत जाऊन बसले. आमची चिटणीस दर कार्यक्रमाआधी कॅलेंडरच्या पानामागे यादी लिहिते: नमन, रूपाचा अभंग, मग बाकीचे अभंग, गवळण, भैरवी. हिचंही तसंच. आधी सोपा, मग जरा चढण. लागोपाठ दोन नाचांत तीच वळणं नकोत, नाहीतर लोकांचे पाय आधीचाच नाच नाचतात. धापा टाकायला लावणाऱ्या नाचानंतर एक तरंगणारा. 'हे' असलेले दोन नाच शेजारी शेजारी नकोत. 'हे' म्हणजे चौघांनी एकमेकांना डाव्या-उजव्या खांद्याने ओलांडत विणत जायचं, दोरीशिवायचा गोफ समजा.

मध्यंतरानंतरच्या दुसऱ्या जागी तिने एक पिवळं पडलेलं, टाइप केलेलं कार्ड ठेवलं. कोपरे गोल झालेले, मधोमध कॉफीचा डाग. 'रोरी ओमोर'. या जुन्या नाचांना इथे 'चेस्टनट' म्हणतात. न्यू हॅम्पशरचा कॉलर राल्फ पेज (१९०३–१९८५) ज्या काळात हे नाच जिवंत ठेवत होता, त्या काळात तरुण असताना हिने त्याला प्रत्यक्ष ऐकलेलं. रोरी या नाचाला त्याच नावाची धून, तीच वाजवायची, बँडला निवड नाही. आणि त्यात 'कॉन्ट्रा कॉर्नर्स' आहे: जोडीदाराला उजवा हात, तिरप्या कोपऱ्यातल्याला डावा, पुन्हा जोडीदाराला, मग दुसरा कोपरा. कागदावर सोपं वाटतं. वेगात माणूस स्वतःचा हात शोधत राहतो. शिवाय जुन्या नाचांत एक जोडी राबते आणि दुसरी बरीचशी उभी असते. गेल्या पन्नास वर्षांतल्या नाचांत सगळ्यांना सारखं काम मिळायला लागलं, त्यामुळे आता उभं राहणं लोकांना सोसत नाही. "तरी आज सांगणारच," ती म्हणाली. "चार वर्षं झाली मला रोरी सांगून."

हॉल म्हणजे गायडिंग स्टार ग्रेंज. ग्रेंज ही शेतकऱ्यांची संघटना, देशपातळीवर १८६७ ची, आणि गावोगावी त्यांचे असे हॉल. बाहेरून शाळेसारखा साधा, आत लाकडी जमीन. दाराशी बाकांवर बसून सगळे बूट बदलत होते, बाहेरचे बूट आत चालत नाहीत. आपल्याकडे देवळाबाहेर असते तशी चपलांची रास. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मंचावर फिडल, पियानो आणि गिटार. माझी कॉलरबाई तिघांना कार्डं दाखवायला गेली आणि मी पियानोला टेकून कान लावला. ती धुनांची नावं सांगत नव्हती. ती सांगत होती, "इथे बी-वनच्या तोंडाशी बॅलन्स आहे, तिथे ठोसा हवा." "यात 'हे' आहे, वाहतं काहीतरी दे, तोडू नकोस." फिडलवाला मान हलवून चिठ्ठीवर तीन नावं लिहायचा आणि चिठ्ठी पियानोवर चिकटवायचा. एका नाचाला तीन धुना, पाच-सहा फेऱ्यांनी बदलायच्या. धून बदलताना पेटीच्या भाषेत पांढरी पाचच्या सुरावरून पांढरी दोनवर उडी मारली की सबंध हॉलच्या टाचा उचलल्या जातात, हे मी पुढे डोळ्यांनी पाहिलं. धुना दोन चालींच्या: रील म्हणजे आपला केरवा म्हणा, आणि जिग सरळसरळ दादरा: तीन-तीन मात्रांचे दोन झोके, पाऊल पहिल्यावर आणि चौथ्यावर. पाय दोन्हीत तेच आणि लयही तीच, पण रीलवर लोक चालतात आणि जिगवर उड्या मारतात. यांचा 'कोरस जिग' नावाचा एक जुना नाच आहे आणि त्याची धून रील आहे. नावावर जाऊ नये, हे फक्त आपल्याकडेच नाही.

साडेसातला दार उघडलं आणि जवळच्या कुठल्याशा कॉलेजची पोरं आत आली. एक, दोन, पाच करता करता वीस-पंचवीस. निम्मी कधीच न नाचलेली. कॉलरबाईने चष्मा वर करून एकवार पाहिलं, मंचाच्या कडेला बसली आणि शांतपणे पाचातली तीन कार्डं मागे घेऊन डब्यातून दुसरी काढली. टेबलावर तासभर मांडलेला डाव पाऊण मिनिटात मोडला! मला आमची चिटणीस आठवली. गेल्या गणपतीत एका सोसायटीत रात्री नऊला आम्ही विलंबित अभंग सुरू केले, समोर आरतीसाठी खोळंबलेली पोरं. मी हळूच म्हटलं, गवळण घेऊया का? यादी म्हणजे यादी. चौथ्या अभंगाला समोर अध्यक्ष, त्यांच्या सौ. आणि मांडववाला, एवढेच उरले.

इथे हल्ली बाई-पुरुष असा भेद ठेवत नाहीत. डावीकडे उभा तो 'लार्क', उजवीकडे उभा तो 'रॉबिन'. मी रॉबिन. जोडीदार म्हणून समोर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, कानात बाळी, हात घामेजलेले. आधी संगीताशिवाय एकदा चालून दाखवतात, तेव्हाच मी दोनदा उलटी गेले. मग बेबी रोझ सुरू झाला.

स्विंगबद्दल सांगायला हवं. दोघांनी धरून जागच्या जागी भरभर फिरायचं, उजवं पाऊल रोवलेलं आणि डाव्याने ढकलायचं, पोरं एका पायाने स्कूटर ढकलतात तसं. तो पोरगा मला काचेच्या भांड्यासारखं धरून होता. बाजूची एक आजी ओरडली, "तिला वजन दे!" आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. अहो, ही फुगडी आहे! हात वेगळे, पाय वेगळे, पण मागे झुकून समोरच्याच्या जिवावर सोडून द्यायचं तेच. मंगळागौरीला पन्नास फुगड्या घातलेल्या बाईला कोण शिकवणार? मी मागे झुकले, त्याने घाबरून धरलं, आणि आम्ही जे फिरलो ते आठ पावलं जास्तच. पुढची जोडी वाट पाहत उभी. चक्कर येऊ नये म्हणून समोरच्याच्या नाकाकडे पाहायचं असतं, हे मला नंतर कळलं. मी छताच्या पंख्याकडे पाहत होते.

तिसऱ्या नाचात तिने 'हे' घालून पाहिलं आणि हॉलच्या दूरच्या टोकाला गोफाचा गुंता झाला. दोन पोरी विरुद्ध रांगेत, एक मुलगा भिंतीशी हसत उभा. संगीत चालूच होतं. बाईचा आवाज जराही चढला नाही. "समोर जो कोणी असेल त्याच्याबरोबर, बॅलन्स अँड स्विंग!" सगळी खोली फिरली आणि पुढच्या फेरीला आपोआप ओळी लागल्या. पुढच्या नाचाला तिने सगळ्यांचा मोठा गोल केला, दर फेरीला जोडीदार बदलणारा. जुनी मंडळी पोरांमध्ये वाटली गेली, पीठ मळताना मोहन फिरावं तशी. त्यानंतर पोरं सुधारली. तिने तोंडाने काही शिकवल्याचं मला दिसलं नाही.

मध्यंतरात मी कुकी खात मंचाशी गेले तर रोरीचं कार्ड तिच्या हातात. "झेपेल?" मी विचारलं. एक उंच म्हातारा, पट्ट्यांची पँट घातलेला, तेच विचारायला आला होता. "आज रोरी आहे म्हणे?" तिने हॉलकडे पाहिलं. साधारणपणे नवखे मध्यंतराला निघून जातात आणि उत्तरार्ध मुरलेल्यांचा होतो. ही पोरं मात्र घोटभर पाणी पिऊन पुन्हा रांगेत उभी राहत होती. कानात बाळीवाला तर एका पोरीला बाजूला घेऊन वजन कसं द्यायचं ते दाखवत होता. "अर्धा हॉल उभा राहील आणि अर्धा हरवेल," ती म्हणाली आणि कार्ड डब्याच्या झाकणात उलटं ठेवलं. म्हाताऱ्याचं तोंड पडलं. तिचंही जरा पडलं होतं, पण ते मंचाकडे पाठ असताना.

उत्तरार्धात मी तीन नाच बसून ऐकले, गुडघ्यांनी दुसरं काही करू दिलं नाही. बसून एक लक्षात आलं. नाच बसला की ती हळूहळू शब्द गाळायची. पहिल्या दोन फेऱ्यांत पूर्ण वाक्य, मग नुसतं 'चेन', मग काहीच नाही. फक्त शेवटी बँडला तीन बोटं दाखवायची: अजून तीन फेऱ्या. आम्ही भजनात ठेकेवाल्याला असंच डोळ्याने सांगतो.

शेवटच्याच्या आधीचा नाच सोपा आणि उड्यांचा होता, म्हणून जिगा मागितल्या. पहिली धून झाली, दुसरी झाली. तिसरीला फिडलवाल्याने सूर बदलला आणि पट्ट्यांच्या पँटवाल्याने नाचता नाचता हात वर करून आरोळी ठोकली. मी बाईकडे पाहिलं. ती गर्रकन मागे वळली होती. रोरी ओमोरची धून! नाच दुसराच, पोरांना पत्ता नाही, ती खुशाल उड्या मारताहेत. फिडलवाल्याने भुवया उडवल्या आणि गज चालू ठेवला. तीन बोटं दाखवायची वेळ झाली तेव्हा बाईने पाच दाखवली.

वॉल्ट्झनंतर खुर्च्या लावल्या, बूट शोधले, अकराच्या सुमारास निघालो. अंधारात हरणं आडवी येतात म्हणून ती हळू चालवत होती. डबा परत माझ्या मांडीवर. "रोरीचं कार्ड 'आर'मध्ये लावू का?" मी विचारलं. "झाकणातच राहू दे."

मग ती तोंडातल्या तोंडात ती धून गुणगुणायला लागली. मी पत्र्यावर बोटांनी दादरा धरला. गार्डनर येईपर्यंत आत कार्डं खडखडत होती.