तुम्ही विचारलंत म्हणून : तिकीट का नाही?

"मॅडम, एवढं सगळं करता, मग तिकीट का नाही लावत?" दर मे महिन्यात हा प्रश्न मला ऐकावा लागतो. विचारणारे आपुलकीनेच विचारतात. यंदा एका बाईंनी फोन करून सांगितलं, "फुकटाला किंमत नसते हो, पन्नास रुपये तरी ठेवा." त्यांना तेव्हा घाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते अपुरं होतं, म्हणून इथे नीट लिहिते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. नागपुरात काटोल रोडवरून आत, गोरेवाड्याच्या बाजूला, आमच्या एका स्नेह्यांचं जुनं रान आहे. साग, मोह, पळस, करंज, बांधावर कडुलिंब. मे महिन्यात दोन आठवडे ते सगळ्यांसाठी उघडं असतं. कुणीही यावं, मातीत, बांबूत, वाळल्या लाकडात काम करावं आणि केलेलं तिथेच झाडांमध्ये ठेवून जावं. संध्याकाळी ऊन उतरलं की गाणं, नाटक. पहिला पाऊस पडेपर्यंत ते रान म्हणजे शिल्पांची बाग असते.

पहिल्या वर्षी आम्ही तिकीट ठेवलं होतं. तीस रुपये. फाटकाशी टेबल, टेबलावर पावतीपुस्तक. तिसऱ्या दिवशी सकाळी बाजूच्या बांधकामावरची एक बाई लेकराला कडेवर घेऊन फाटकाबाहेर उभी होती. आतल्या मातीच्या घोड्याची मान तिथून दिसायची, आणि लेकरू तिकडे बोट दाखवत होतं. टेबलावरच्या मुलाने तिला अडवलं नाही, काही विचारलंही नाही. तिने पावतीपुस्तक पाहिलं आणि ती वळली. मी मागे धावले. "ताई, या ना आत." तर म्हणाली, "नाही जी, आमी असंच पाहून राहिलो होतो." आणि गेली. पुन्हा कधी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी टेबल उचललं, ते कायमचं.

पण केवळ त्या प्रसंगामुळे तिकीट नाही, असं नाही. आम्ही तिथे जे करतो त्याचा स्वभावच असा आहे.

नागपूरचा मे मी तुम्हाला सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा दिवसांत काम पहाटे साडेपाचला सुरू होतं आणि नऊला थांबतं. त्यात साग उन्हाळ्यात उघडा पडलेला असतो. रान म्हटलं की सावली आलीच, असं बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं. इथे सावली शोधावी लागते. करंजाला आणि मोहाला तोवर नवी पालवी आलेली असते, म्हणून आमच्या सगळ्या बैठका करंजाखाली आणि मोहाखाली. कोणतं शिल्प कुठे उभं राहणार हे आम्ही ठरवत नाही, ते झाडं ठरवतात.

आणि माती! या हवेत माती वरून भराभर वाळते आणि आत ओलीच राहते. वरचा थर आक्रसतो, आतला त्याला साथ देत नाही, मग चीर पडते. रात्री गुळगुळीत ठेवलेल्या बैलाच्या वशिंडावर सकाळी बोट जाईल एवढी भेग असते. आमच्याकडे एक वयस्क कुंभारकाका येतात. ते मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळायला लावतात. लिदीतल्या बारीक काड्यांमुळे माती धरून राहते आणि ओल सगळीकडून सारखी बाहेर पडते. दहा-बारा वर्षांची एक मुलगी भरीव घुबड करत होती. काकांनी ते हातात घेऊन नुसतं तोललं. म्हणाले, "पोट पोकळ कर बेटा, नाही तं उद्या सकाळी दोन तुकडे सापडतीन." तिचा चेहरा उतरला, कारण डोळे नुकतेच जमले होते. काकांनी घुबड उलटं धरलं, तळाशी वाटीएवढं भोक पाडलं आणि आतली माती चमच्याने कशी काढायची ते दाखवलं. डोळ्यांना धक्का लागला नाही. ती पोकळ करत बसली, पाऊण तास, जीभ दाताखाली धरून.

मोठ्या कामांना आत बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर तणसाचे वेठ, मग माती. आपल्या चितारओळीत मूर्ती अशाच उभ्या राहतात. त्या घोड्याची पोटाकडची बाजू सारखी गळून पडत होती. कामावर जाता जाता डोकावलेला एक गवंडी ते बघत थांबला. डबा खाली ठेवला, पिशवीतून थापी काढली, पाण्याचा हबका मारला आणि माती खालून वर दाबत नेली. "वरून खाली लावान तं पडनच ना," एवढं बोलून कामाला निघून गेला. ती बाजू शेवटपर्यंत टिकली. तिकीट असतं तर हा माणूस आत आला असता का? सकाळी सव्वासहाला, डबा हातात घेऊन, एका घोड्यासाठी तीस रुपये देऊन?

"माती भाजा, म्हणजे टिकेल, विकताही येईल," असंही लोक सुचवतात. पण मेमध्ये सागाच्या रानात आवा, म्हणजे माती भाजायची भट्टी, पेटवायचा? ताटाएवढी वाळकी पानं पायाखाली चुरत असतात, एक ठिणगी पुरे. आम्ही तिथे उदबत्तीसुद्धा लावू देत नाही. त्यामुळे सगळं काम कच्चं राहतं, आणि मृगाच्या सरी आल्या की विरघळतं. घरी नेण्यासारखं काही नाही, विकण्यासारखंही नाही. मग तिकीट कशाचं घ्यायचं?

जंगलात शिल्पं मांडून ती जंगलालाच परत देणं ही काही आमची कल्पना नाही. इंग्लंडमध्ये ग्राइझडेलच्या जंगलात १९७७ पासून शिल्पकार येऊन राहू लागले, तिथल्याच लाकडादगडात काम करू लागले, आणि त्यातली कितीतरी कामं तिथेच कुजू दिली गेली. आणि आपल्या शेजारी जुनापाणी आहेच. लोहयुगातल्या माणसांनी मृतांसाठी रचलेली सुमारे तीनशे शिळावर्तुळं, काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे. एका सकाळी मुलांना तिथे नेलं होतं. परत आल्यावर त्यांनी कुणी न सांगता आपापल्या मातीवर अंगठ्याने तसेच खळगे दाबले, ओळीने. मी ती ओळ बराच वेळ बघत उभी होते.

खरं तर नागपूरकराला हे समजावून सांगायची गरजच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासूनची ही परंपरा. बांबू आणि कागदाच्या त्या प्रचंड मूर्ती, सोबत बडगे नावाचे पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत लोटलेलं सगळं शहर. माझ्या आजोबांनी मला खांद्यावर बसवून इतवारीतून ती दाखवली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं शिल्प. त्यासाठी कुणी पावती फाडली नव्हती, आणि शेवटी ती जाळून टाकली म्हणून तिची किंमत माझ्या लेखी कमी झाली नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. बघणाऱ्याला फुकट म्हणजे करणाऱ्यालाही फुकट, असं इथे चालत नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमाराला आटोपतो, त्यामुळे मे महिन्यात तिकडचे नट मोकळे असतात. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं करणारेही येतात. "हौस म्हणून या, प्रसिद्धी मिळेल" असं आम्ही त्यांना एकदाही म्हटलेलं नाही. जाण्यायेण्याचं भाडं, जेवण आणि मानधन, तेही प्रयोगाच्याच रात्री, हातात. कुंभारकाकांची रोजंदारीही तशीच. यासाठी वर्गणी काढतो, ओळखीपाळखीच्यांकडे जातो, आणि पैसे कमी पडले तर कार्यक्रम कमी करतो. ज्यांच्या हातात कला आहे त्यांना उपाशी ठेवून केलेला मोफत महोत्सव मला नको.

आता "फुकटाला किंमत नसते" याबद्दल. आमच्याकडे एक मुलगा रोज सगळ्यांच्या आधी येतो. शेजारच्या वस्तीतला, आठवीत आहे. तो आल्याआल्या रांजणातलं पाणी घेऊन सगळ्या शिल्पांवरची गोणपाटं ओली करतो. स्वतःचं काम नंतर. एकदा विचारलं, "हा बैल तर तुझा नाही ना रे?" तर म्हणाला, "ज्याचा आहे तो उशिरा येते ना. तवरिक तडकला तं?"

गेल्या जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा आम्ही पाच-सहा जण मुद्दाम रानात थांबलो होतो. घोड्याच्या पाठीवरून माती ओघळायला लागली, मग आयाळ गेली, मग कामट्या दिसू लागल्या. उघडीप पडल्यावर कामट्या काढून, धुऊन, बांधून ठेवल्या. माती फावड्याने ओढून, जिथून घेतली होती त्याच खड्ड्यात लोटली. यंदा आम्ही तीच भिजवली, नुसती राख आणि लीद नव्याने घातली.

तर बाई, तुमच्या पन्नास रुपयांचं असं करा. धान्याच्या दुकानातून जुनी गोणपाटं घ्या आणि पुढच्या मेमध्ये येताना घेऊन या. ती दरवर्षी कमी पडतात. सहाच्या आत या, दुपट्टा बांधून या, आणि हात मातीत जाणार आहेत हे धरून या.